बटण पुन्हा दाबण्याआधी

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका २९ वर्षांची, बीएस्सी कॉम्प्युटर झालेली. पाच वर्षं कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनी चारशेच्या आसपास गावांतल्या दूध संस्थांचं संकलन आणि बिलिंग सांभाळते. संस्थेतल्या कॉम्प्युटरवर वजनकाट्याचा आणि फॅट मशीनचा आकडा येतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर जातो, दर दहा दिवसांनी बिल निघतं, बँकेच्या एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची खिडकी) पैसे सभासदांच्या खात्यावर पडतात आणि एसएमएस जातो. दोन महिन्यांपूर्वी बिलाच्या दिवशी बँकेकडून तीस सेकंद उत्तर आलं नाही. स्क्रीनवर ‘पेमेंट फेल’ आलं. सचिवांचा फोन चालू, लोक संस्थेत बसून, म्हणून हिने बटण पुन्हा दाबलं. एका गावातल्या २१४ सभासदांना बिल दोनदा मिळालं. पुढच्या बिलांतून ते कापून घेताना गावात भांडणं झाली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘एवढं साधं कळत नाही?’

तेव्हापासून तिला वाटतंय की आपल्याला खरं काही येतच नाही. पुण्यात शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा ‘मायक्रोसर्व्हिसेस आणि क्लाउड’चा कोर्स आहे, फी १,१०,००० रुपये. वडील एफडी मोडायला तयार आहेत. नवरा म्हणतो, हिंजवडीत नोकरी धर, तिथे आपोआप शिकशील. ऑफिसातला सहकारी म्हणतो, हा जुना एकसंध प्रोग्रॅम फोडून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे छोटे-छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम, केल्या की असे घोळ होणारच नाहीत. सुरक्षेबद्दल ती जाता जाता लिहिते, ‘ते बँक बघतेच. आमच्याकडे फक्त लिंकमधला संस्थेचा नंबर बदलला की दुसऱ्या संस्थेची बिलं दिसतात, पण ते सचिवांनाच माहीत आहे.’ आणि विचारते : ‘सुरक्षित, न कोसळणाऱ्या सर्व्हिसेस बांधायला शिकायचंय. सुरुवात कुठून करू? उशीर झालाय का?’

---

पत्रात मला मावशी म्हटलंयस, तेव्हा मीही सरळ ‘तू’ म्हणते.

कोर्सचं नंतर बघू. तुझा जीव त्या बटणात अडकलाय, म्हणून आधी तेच. तू लिहितेस, ‘पेमेंट फेल झालं होतं म्हणून पुन्हा दाबलं.’ अगं, पेमेंट फेल झालंच नव्हतं. पेमेंट झालं होतं, ते झाल्याचा निरोप तेवढा तुझ्यापर्यंत पोचला नव्हता. मधल्या वायरीत, राउटरमध्ये किंवा बँकेच्याच गर्दीत कुठेतरी अडकला. आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलंय की तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर ‘फेल’ दाखव. म्हणजे स्क्रीन तुझ्याशी खोटं बोलली आणि तू तिच्यावर विश्वास ठेवलास. त्या घाईत कुणीही ठेवला असता. साहेबांनीसुद्धा.

तुमच्या सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी माहीत आहेत : झालं आणि नाही झालं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरशी बोलायचं म्हटलं की तिसरी गोष्ट येतेच : माहीत नाही. यूपीआयने चहाचे पैसे देताना कधीकधी ‘पेंडिंग’ येतं ना, ते हेच. तुझ्या खात्यातून गेलेत, टपरीवाल्याचा स्पीकर बोलत नाही, दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघताय. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी नियमच काढला : यूपीआयने कुणाला पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत आले पाहिजेत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहारांच्या संख्येत देशातली सगळ्यात मोठी पेमेंटची यंत्रणाही ‘माहीत नाही’ टाळू शकलेली नाही. तिने फक्त त्याला नाव दिलं, रंग दिला आणि पुढे काय करायचं ते ठरवलं.

तुला शिकायचंय ना? मग पहिला धडा तुझ्याच ऑफिसात आहे. ‘पाठवा’ बटणामागचा कोड उघड. पैज लावून सांगते, बटण दाबलं की तिथे दर वेळी नवा रेफरन्स नंबर तयार होत असणार. बहुधा तारीख-वेळेवरून. म्हणजे बँकेच्या दृष्टीने तू दोन वेगवेगळी बिलं पाठवलीस, तिने दोन्ही इमानदारीत भरली. तो नंबर पाठवताना जन्माला येता कामा नये. बिल तयार होतं त्याच क्षणी तो ठरला पाहिजे : संस्था १०४३, ऑगस्टचं दुसरं बिल, सभासद ८७. मग बटण एकदा दाब नाहीतर दहादा, नंबर तोच. तुमच्या डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर ‘युनिक’ची (एक नंबर एकदाच) अट घाल, म्हणजे कोड चुकला तरी डेटाबेस हात धरेल. आणि बँकेला लेखी विचार : एकच रेफरन्स दोनदा आला तर तुम्ही दुसरा नाकारता का, आणि किती दिवसांपर्यंत? काही ठिकाणी उत्तर ‘हो’ असतं, काही ठिकाणी ‘फक्त त्याच दिवशी’, आणि काही ठिकाणी समोरच्याला प्रश्नच कळत नाही. शेवटचं उत्तर आलं तर जास्त सावध राहा.

याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. शब्दाला घाबरू नकोस. नेटवर्कवरून एखादा निरोप नेमका एकदाच पोचेल अशी हमी कुणालाही देता येत नाही. दोनदा पोचला तरी परिणाम एकदाच व्हावा, एवढं आपल्या हातात असतं. दोन बारकावे सांगते, कारण कोर्सच्या स्लाइडवर ते सहसा नसतात. एक, तोच नंबर पण रक्कम वेगळी आली तर गुपचूप जुनं उत्तर देऊ नकोस, थेट नाकार. काहीतरी गडबड आहे. दोन, बिल दुरुस्त करायचं झालं तर जुन्या नंबरवर नवी रक्कम चढवायची नाही, फरकाचं वेगळं बिल काढायचं. हे तुला संस्थेतला कुठलाही जुना सचिव सांगेल. वहीतला आकडा खोडत नाहीत, खाली फरक लिहितात.

वहीवरून आठवलं. पैसे पाठवण्याआधी ‘पाठवतोय’ असं स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवायचं, मग पाठवायचं, मग उत्तर लिहायचं. मध्येच वीज गेली, सर्व्हर बसला, तरी उठल्यावर वही उघडून दिसतं की कुठलं पान अर्धवट आहे. अर्धवट पानाचं आधी बँकेला विचारायचं, ‘या नंबरचं काय झालं?’ उत्तर मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी बँकेच्या स्टेटमेंटशी ताळा. रोज. मशीनने करायचा, पण फरक निघाला तर माणसाने बघायचा. मी बावीस वर्षं या धंद्यात काढली. मला भेटलेल्या भरवशाच्या सिस्टिम्सपैकी एकही अशी नव्हती जिच्यात चूक होत नव्हती. चूक त्याच संध्याकाळी सापडायची, एवढाच फरक.

तू एकटीच नाहीस म्हणून माझाही एक पराक्रम सांगते. एका शाळेच्या फी भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एसएमएस पाठवणारा तुकडा लिहिला होता. उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव, एवढंच लिहिलं. किती वेळा, ते लिहायचं राहिलं. रात्री समोरच्या कंपनीकडून पोच येणं बंद झालं, एसएमएस मात्र जात राहिले. सकाळी एक गृहस्थ ऑफिसात आले, काही न बोलता फोन टेबलावर ठेवला. ‘आपल्या पाल्याची फी बाकी आहे’, ४१ वेळा. फी त्यांनी आदल्याच दिवशी भरली होती.

म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याची रीत नीट शिक. हे तू गावाकडची असल्यामुळे तुला पुण्याच्या पोरांपेक्षा लवकर कळेल. शेतातली लाइट गेली आणि रात्री आली, की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपीवरचा फ्यूज उडतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो स्विच काढा. तुमच्या चारशे संस्थांचे कॉम्प्युटर म्हणजे चारशे मोटारी. सर्व्हर दहा मिनिटं बसला आणि उठला, की सगळे एकदम अंगावर येतात आणि तो पुन्हा बसतो. त्यावर उपाय असा : पहिला प्रयत्न फसला तर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, मग आठ, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळ, म्हणजे सगळे एका तालात येणार नाहीत. ठरावीक प्रयत्नांनंतर सोडून दे आणि माणसाला कळव. समोरची सर्व्हिस सतत नापासच होत असेल तर काही काळ तिला हाकच मारू नकोस. याला सर्किट ब्रेकर म्हणतात, तो शब्द आपल्या मीटरच्या पेटीतूनच आलाय. आणि पुन्हा प्रयत्न एकाच थरात ठेव. गावातलं सॉफ्टवेअर तीनदा, सर्व्हर तीनदा, बँकेशी बोलणारा तुकडा तीनदा, असं केलंस तर एका बटणामागे बँकेच्या दारावर २७ थापा पडतात.

अजून एक. कुठली गोष्ट थांबली तर चालेल आणि कुठली नाही, हे ठरवल्याशिवाय ‘भरवशाचं’ या शब्दाला अर्थ नाही. एसएमएस दुपारी गेला तर कुणाचं बिघडत नाही. बिल एक दिवस पुढे गेलं तर शिव्या बसतील. पण सकाळी सहाला रांगेत उभ्या माणसाचं दूध मोजून घेणं थांबता कामा नये. म्हैस सर्व्हरची वाट बघत नाही. म्हणजे नेट असो-नसो, वजन आणि फॅट गावातल्याच कॉम्प्युटरवर नोंदलं गेलं पाहिजे आणि नेट आलं की वर गेलं पाहिजे, त्यातही प्रत्येक नोंदीला गावातच मिळालेला स्वतःचा नंबर, म्हणजे एकच बादली दोनदा चढणार नाही. हे कदाचित तुमच्याकडे आधीच असेल. असेल तर ज्याने बांधलं त्याच्या शेजारी बसून ते समजून घे.

आता ते वाक्य, जे तू जाता जाता लिहिलंस. मला मात्र पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य तेच वाटलं.

लिंकमधला १०४३ चा १०४४ केला की शेजारच्या गावाची बिलं दिसतात. तू म्हणतेस, ‘ते सचिवांनाच माहीत.’ चारशे सचिव, त्यांचे मदतनीस, सोडून गेलेले मदतनीस आणि ज्यांच्या मोबाइलवर ती लिंक कधी व्हॉट्सॲपने गेली ते सगळे, असं वाच. आणि बिलात काय असतं? नाव, खाते क्रमांक, दूध किती, पैसे किती, पशुखाद्याची कपात किती, उचल किती. गावात कुणाची किती उचल आहे ही काय चीज आहे हे तुला मी सांगायला नको. आता कल्पना कर, ती दोनदा पैसे पडलेली यादी कुणा भामट्याच्या हाती लागली. त्याचा फोन येतो : ‘संस्थेतून बोलतोय, तुमचं बिल दोनदा पडलंय, परत घ्यायचंय, ओटीपी सांगा.’ रक्कम बरोबर, तारीख बरोबर. कोण नाही फसणार? बँकेची सुरक्षा बँकेच्या दारापाशी सुरू होते. त्याच्या अलीकडचं अंगण तुमचं आहे.

याला नावही आहे आणि मानाचं पानही. वेब सुरक्षेवर २००१ पासून काम करणारी ओवास्प ही संस्था एपीआयमधल्या धोक्यांची यादी काढते. २०१९ च्या आणि २०२३ च्या, दोन्ही याद्यांत पहिल्या नंबरवर हेच आहे. माणूस लॉग-इन झालाय हे तपासलं जातं, पण तो मागतोय ती वस्तू त्याची आहे का, हे कुणी तपासत नाही. दारावरच्या वॉचमनने ओळखपत्र बघितलं, आत गेल्यावर कुणाचंही कपाट उघडा. दुरुस्ती सर्व्हरवर करायची, स्क्रीनवर नाही : प्रत्येक विनंतीला, न चुकता, लॉग-इन झालेल्याची संस्था आणि मागितलेल्या बिलाची संस्था जुळते का बघायचं. नंबरऐवजी लांबलचक विचित्र अक्षरं घालून लपवणं म्हणजे कुलूप नव्हे, किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं आहे. आणि एक टेस्ट लिही : १०४३ चा सचिव १०४४ चं बिल मागतो, त्याला नकार मिळालाच पाहिजे. नवा कोड चढवण्याआधी ती टेस्ट दर वेळी चालली पाहिजे. तुझी शिक्षणाची पहिली इयत्ता ही.

हे सोमवारी साहेबांना लेखी कळव. घाबरू नकोस, पण सांगायची भाषा निवड. ‘आपलं सॉफ्टवेअर असुरक्षित आहे’ म्हटलंस तर ते दुखावतील. ‘२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल कमाल दंड २५० कोटी लिहिलाय, त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार माहिती फुटल्याची घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आपण आठवड्यात हे बंद करू शकतो’ असं म्हटलंस तर ऐकतील. त्याच आदेशात लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितलेत. जपा, पण लॉगमध्ये खाते क्रमांक आणि पासवर्ड छापत बसू नका. ते बघायला लाजिरवाणं आणि चोराला सोयीचं असतं.

आणखी तीन ठिकाणी टॉर्च मार. बँकेच्या एपीआयची किल्ली कोडमध्ये लिहिलेली आहे का? एसएमएस पाठवणाऱ्या तुकड्याला बिलाच्या टेबलात लिहिण्याची परवानगी आहे का? असेल तर काढ. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या लेखात मांडून ठेवलंय आणि आपण अजून सगळ्यांना सगळ्या किल्ल्या देत बसलोय. तिसरं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या कुठल्या लायब्ररी आहेत आणि त्या किती जुन्या, याची यादी कुणाकडे आहे का? अमेरिकेत लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीचं २०१७ मध्ये तेच झालं. अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतल्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती, त्यांनी एका जागी ती बसवली नाही, मे ते जुलै चोर आत होते, सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. नेटवर्कवर लक्ष ठेवणारं यंत्र होतं की! पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपलेली होती, म्हणून ते आंधळं होऊन बसलं होतं. कुठलीही अचाट हॅकिंग नव्हे, दोन राहून गेलेली कामं.

एक ताकीद. हे सगळं शिकताना हात शिवशिवतील, ‘बँकेच्या एपीआयमध्येही असं भोक आहे का बघू’ वाटेल. बघू नकोस. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिमला हात लावणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरू शकतो. बँकेकडे चाचणीचं वेगळं वातावरण मागून घे. स्वतःच्या लॅपटॉपवर खोटी नावं आणि खोटे खाते क्रमांक घालून तुमच्या सॉफ्टवेअरची प्रत उभी कर आणि तिची हवी तेवढी हाडं मोड.

सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दल. तो मनाने चांगला असेल, पण त्याचं गणित उलटं आहे. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू राहते म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद. एका बिलासाठी अशा पाच सर्व्हिसेस एकापाठोपाठ एक चालाव्या लागल्या, तर मिळून ९९.५ टक्के, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून जास्त बंद. फोडल्याने मध्ये नेटवर्कच्या नव्या जोडण्या आल्या आणि प्रत्येक ठिकाणी तुझं ते ‘माहीत नाही’. तुमचा घोळ प्रोग्रॅम एकसंध असल्यामुळे झालाच नाही. प्रोग्रॅम आणि बँक यांच्या मधल्या शिवणीत झाला, आणि हा पठ्ठ्या म्हणतोय शिवणी वाढवू! सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास इंजिनिअरांच्या भाबड्या समजुतींची यादी केली होती. पहिली समजूत, नेटवर्क भरवशाचं असतं. चौथी, नेटवर्क सुरक्षित असतं. तुझं अख्खं पत्र या दोन ओळींत बसतं.

सर्व्हिसेस वेगळ्या करायला कारण लागतं : एकाच भागावर फार भार येतो, वेगवेगळे गट वेगवेगळ्या वेगाने काम करतात, किंवा एखादा भाग पडला तरी बाकीचे चालायला हवेत. तुमच्यात शेवटच्या कारणासाठी एसएमएस बाजूला काढता येईल. बाकीचं घर एकच ठेवा, आतल्या भिंती नीट घाला. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका गटाने २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं की व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी त्यांची तुकड्या-तुकड्यांची यंत्रणा त्यांनी परत एका जागी आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त घटला. त्यावरून मायक्रोसर्व्हिसेस वाईट असं ठरत नाही. ते औषध त्या दुखण्याचं नव्हतं, इतकंच.

आणि गंमत अशी की तू ज्या गोष्टीसाठी पुण्याला जाणार आहेस ती तुझ्याकडे आहेच. गावातला कॉम्प्युटर, सर्व्हर, बँक, एसएमएसवाला : चार वेगळ्या मालकीचे भाग, एकमेकांशी फक्त निरोपांनी बोलणारे. सर्व्हिस-ओरिएंटेड म्हणजे दुसरं काय? चारशे गावांत चारशे कॉम्प्युटर, प्रत्येकावर तुमच्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती आहे ते सांगता येतं का तुला? न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीने जुलै २०१२ च्या अखेरीस आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला, म्हणजे सातांवर चढवला, आठव्यावर राहिला. १ ऑगस्टला आठव्यावर जुना, विसरलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलर गेले. त्यांचे आठ होते. तुझे चारशे आहेत.

आता कोर्स. अशा कोर्सेसचे अभ्यासक्रम मी बघितलेत. बहुतेकांत डॉकर, कुबरनेटीज ही सर्व्हिसेस चालवायची साधनं, एका क्लाउडचे दहा-बारा डबे आणि शेवटी शॉपिंग कार्टचा प्रोजेक्ट. वाईट नसतात. पण त्या शॉपिंग कार्टमध्ये बँक कधी गप्प बसत नाही, वीज जात नाही आणि २१४ माणसं संस्थेत येऊन उभी राहत नाहीत. ज्याच्या हाताशी खरी सिस्टिम नाही त्याला तो कोर्स उपयोगी पडेल, किंवा मुलाखतीत शब्द ओळखीचे असावेत म्हणून. फी भरण्याआधी त्यांना एवढंच विचार : ‘एक सर्व्हिस मध्येच मारली तर काय होतं, हे आम्ही किती वेळा करून बघणार?’ उत्तर देताना शिकवणारा खुर्चीत पुढे सरकून बसला तर पैसे वसूल होतील. ‘ते ॲडव्हान्स्डमध्ये येतं’ म्हणाला तर बाहेर चहा पी आणि कोल्हापूरची गाडी धर.

तोवर फुकटात पुष्कळ आहे. ओवास्पच्या याद्या आणि त्यांची विषयवार टिपणं वाच, रोज एक. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, तिथे मुद्दाम भोकं ठेवलेल्या साइट्सवर कायदेशीर हात साफ करता येतो; ‘ॲक्सेस कंट्रोल’ या धड्यापासून सुरू कर, तुझी लिंक तिथे भेटेल. एमआयटीच्या डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या वर्गाची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. जड आहेत, पहिल्या झटक्यात अर्धी डोक्यावरून जातील, माझीही गेली होती. इंग्रजीची अडचण वाटली तर थांबवून थांबवून बघ, लाज कसली.

आणि शनिवारी, पुण्याला जाण्याऐवजी, लॅपटॉपवरच्या त्या प्रतीवर एक गोष्ट मोड. एका शनिवारी बँकेच्या जागी असा नकली सर्व्हर लाव जो पैसे भरतो पण उत्तरच देत नाही. बटण पाचदा दाब आणि मोज किती बिलं गेली. पुढच्या शनिवारी पैसे पाठवताना मध्येच प्लग उपट. त्यापुढच्या शनिवारी बॅकअप खरंच परत आणून बघ, नुसता ‘बॅकअप सक्सेसफुल’चा हिरवा टिळा नाही. गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटवर ३१ जानेवारी २०१७ ला चुकून खरा डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि ऐन वेळी एकही धड चालली नाही. कुणीतरी सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं. काय झालं ते त्यांनी कुणाचं नाव न घेता सगळ्या जगासमोर मांडलं. तूही तुमच्या त्या दिवसाचं असंच एक पान लिही : किती वाजता काय झालं, स्क्रीनवर काय दिसलं, कोडने काय गृहीत धरलं होतं. ‘माझी चूक’ हे शब्द त्यात येता कामा नयेत. ते खोटं असेल म्हणून नव्हे. तिथे थांबलं की पुढचं कुणी शोधत नाही म्हणून.

नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मोठ्या कंपनीत तुझा कोड दुसरं कुणीतरी वाचतं, रात्री सर्व्हर पडला तर काय करायचं याची पाळी लागते, आणि तू लिहिल्यासारखी एकटीच फोनवर अडकत नाहीस. पण ‘आपोआप’ कुठेच शिकत नाही कुणी. पहिली दोन वर्षं एका कोपऱ्यातल्या एका सर्व्हिसचा एक रकानाही वाट्याला येऊ शकतो. जायचंच असेल तर जा, पण पळून जाऊ नकोस. हे भोक बुजवून, ते पान लिहून जा. मुलाखतीत ‘तुम्ही काय केलंय?’ विचारलं की सर्टिफिकेट पुढे करण्यापेक्षा २१४ बिलांची गोष्ट सांग, शेवटासकट. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा असा माणूस भेटला की पुढचे प्रश्न बाजूला ठेवायचे.

उशिराबद्दल विचारलंस. २९ व्या वर्षी मी मुलगी झाल्यावर तीन वर्षांनी परत कामाला लागले होते आणि मला गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन, काय ते माहीत नव्हतं. एवढंच सांगते.

एफडी राहू दे. बाबांना सांग, तीन महिने थांबा. त्या तीन महिन्यांत आधी लिंक, मग रेफरन्स नंबर, मग स्क्रीनवरचा ‘फेल’ हा शब्द बदल. तिथे लिही : ‘बँकेकडून उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवू नका. स्थिती तपासत आहोत.’ आणि ते बटण तेवढा वेळ दाबताच येणार नाही असं कर. बँकेने रेफरन्सबद्दल काय कळवलं ते मला नक्की लिही, बाकीच्या वाचकांनाही ते हवं असेल.